क्लास झाला, सर्टिफिकेट आलं. आता ग्राहकाच्या कापडाला कात्री कशी लावायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय 41. पाच-सहा वर्षं घरी फॉल-पिको करते. सहा महिन्यांचा शिवण क्लास केला, सर्टिफिकेटही आहे. स्वतःचं ब्लाऊजचं काम सुरू करायचं फार मनात आहे. वहीत सूत्रं आहेत, मोबाइलवर रोज व्हिडिओ बघते, पण ग्राहकाचं कापड समोर आलं की कात्री लावायला हात धजत नाही. आता अ‍ॅडव्हान्स क्लास लावू का? आणि बाहेरची कामं घ्यायला किती दिवस लागतील?

ताई, अ‍ॅडव्हान्स क्लास आत्ता लावू नका. तिथे प्रिन्सेस कट, कटोरी, बोट नेक, फुग्याच्या बाह्या शिकवतील. तुमचं अडलंय ते फिटिंगपाशी, आणि फिटिंग क्लासमध्ये सहसा हाताला लागत नाही. क्लासात ब्लाऊज शिवतात तो स्वतःच्या मापाचा, नाहीतर वहीतल्या ठरीव 32-34-36 चा. चुकलं की शेजारी बाई उभ्या असतात, त्या खडूची रेघ सरकवून देतात. शिवून झाल्यावर तो अंगात घालून, हात वर-खाली करून कुठे ओढतोय ते बघेपर्यंत पुढचा धडा सुरू झालेला असतो. फिटिंग येतं ते शिवलेलं उसवून, का बिघडलं ते शोधून, पुन्हा शिवून. हे काम घरीच करायचं आहे आणि त्याला फी लागत नाही.

तुमच्याकडे आधीच काय आहे, तेही मोजा. फॉल-पिकोमुळे सुळसुळीत कापड हाताळायची सवय आहे, मशीन ताब्यात आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साड्या घेऊन येणाऱ्या बायका दारात येतात. कमी आहे ती वळणाची शिलाई, कापायची हिंमत आणि अंगावरचं माप वाचायची नजर. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, वेगवेगळ्याच शिकाव्या लागतात. एकाच वेळी नव्या मापाचा, नव्या पॅटर्नचा, नव्या कापडाचा ब्लाऊज करायला घेतला तर बिघडल्यावर दोष कशाचा ते कळत नाही, आणि मग “मला जमत नाही” एवढंच हाती लागतं.

वळणाच्या शिलाईपासून सुरुवात करा. पिकोत कापड सरळ पुढे जात राहतं. ब्लाऊजच्या गळ्यात आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो त्या काखेभोवतीच्या वळणात, ते सतत फिरवावं लागतं. जुन्या सुती चादरीच्या दुहेरी तुकड्यावर एक वाटी ठेवून खडूने गोल काढा, त्यावर शिलाई मारा, मग त्याच्या आत पाव इंच अंतर ठेवून दुसरा गोल, मग तिसरा. टाका इंचाला दहा ते बारा. वळणावर कापड ओढू नका. सुई कापडात असतानाच थांबायचं, कापड दाबणारा मशीनचा पाय उचलायचा, किंचित फिरवायचं, पाय खाली. दोन गोलांमधलं अंतर सगळीकडे सारखं दिसू लागलं की पुढे जा. रोज पाऊण तास दिलात तर आठवडा पुरतो.

याच आठवड्यात मशीनही नीट लावून घ्या, कारण नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी हाताच्या नसून मशीनच्या असतात. खालच्या बाजूला धाग्याचे लूप दिसले तर दोष वरच्या धाग्यात असतो. एकतर टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, ढिलं आहे, नाहीतर धागा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधोमध बसलेलाच नाही. बहुतेक जणी खाली बिघाड दिसतो म्हणून बॉबिनचा स्क्रू पिळत बसतात आणि चांगली लावलेली मशीन बिघडवतात. वरच्या बाजूला धागा सरळ तारेसारखा पडला आणि खालचा धागा वर डोकावला, तर वरचं टेन्शन जास्त आहे. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. तिची लांब खाच, ज्या बाजूने धागा ओवता त्या बाजूला हवी. सुती कापडाला आणि अस्तराच्या ब्लाऊजला 14 नंबर, पातळ सिल्क-शिफॉनला 11. जरीच्या कापडाला कायम नवी सुई. बोथट सुई जरीचा धागा ओढून काढते आणि तो ओरखडा परत जात नाही.

आता कात्री. हात न धजण्याचं कारण अगदी साधं आहे: शिलाई उसवता येते, काप परत जोडता येत नाही. ही भीती रास्तच आहे. ती “आत्मविश्वास ठेवा” म्हणून जात नाही; चूक झाली तरी ती स्वस्तातल्या कापडावर व्हावी अशी कामाची मांडणी करावी लागते.

त्यासाठी पाच-सहा मीटर मांजरपाट आणा. घरी आणल्यावर तीन-चार तास पाण्यात घालून खळ काढा, वाळवा, इस्त्री करा. त्यातून एकाच बाईच्या मापाचे पाच ब्लाऊज शिवायचे. जाऊ, नणंद, शेजारीण, कोणीही, फक्त पुन्हा पुन्हा अंगावर घालून दाखवायला तयार हवी. पाचही ब्लाऊज एकाच पॅटर्नचे: साधा चार टक्सचा (टक्स म्हणजे कापडाला आकार देणारी निमुळती शिवलेली घडी), पुढे हुक, कोपराच्या वर येणारी बाही. पहिला जसा जमेल तसा शिवा. तो अंगावर बघा, चुका खडूने त्याच ब्लाऊजवर लिहा, खाका (कागदावरचं कटिंगचं रेखाटन) दुरुस्त करा, दुसरा कापा. दुसऱ्यात फक्त पहिल्यातल्या चुका सुधारायच्या, नवीन गळा किंवा बाही घालायचा मोह टाळायचा. पाचवा ब्लाऊज कंटाळवाणा होईल. व्हायलाच हवा, कंटाळा येतो याचा अर्थ हाताला रस्ता पाठ झाला आहे.

याच्या जोडीला, अंगावर छान बसणारा एखादा जुना ब्लाऊज मागून घ्या, जो फाटला तरी चालेल असा. उसवण्याआधी इस्त्री करून प्रत्येक शिलाईवर खडूने रेघ मारा, म्हणजे शिलाई नेमकी कुठून गेली होती ते कळेल. मग रिपरने सगळा उसवा. तुकडे खाकी कागदावर ठेवून रेघा उतरवून घ्या. त्याच मापाचा, तुमच्या क्लासच्या सूत्राने काढलेला खाका त्यावर ठेवा आणि दोघांत फरक कुठे आहे ते बघा. बहुतेक वेळा तो तीन ठिकाणी सापडतो: खांद्याचा उतार, पुढच्या मुंढ्याचं वळण आणि पुढच्या भागाची उंची. जुना ब्लाऊज गळ्याशी थोडा ताणलेला असतो, त्यामुळे तिथला पाव इंचाचा फरक सोडून द्या. हा एक ब्लाऊज नीट उसवलात तर महिनाभर व्हिडिओ बघण्यापेक्षा जास्त शिकाल.

सूत्रं चुकीची नसतात, पण ती सरासरी शरीर धरून केलेली असतात. छाती 36 असलेल्या दोन बायका घ्या. पहिलीची वरची छाती, म्हणजे काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून, पाठीमागून टेप सरळ नेऊन घेतलेलं माप, 35 आहे. दुसरीची वरची छाती 32. पहिलीची पाठ रुंद आणि छाती बेताची. दुसरीचा हाडाचा सांगाडा लहान आणि छाती भरलेली. “छाती भागिले सहा म्हणजे मुंढा सहा इंच” या सूत्राने दोघींना एकच मुंढा, एकच खांदा, एकच गळा मिळतो. पहिलीला तो बरा बसतो. दुसरीला खांदा उतरतो, मुंढ्यापाशी कापड फुगतं आणि छातीवर मात्र हुक ताणतात. मग शिवणारी खांदा उचलते, बाजूची शिलाई सोडते, आणि ब्लाऊज आणखी बिघडतो.

म्हणून वरची छाती आणि छाती यांत तीन इंच किंवा जास्त फरक असेल तर खांदा, गळा आणि मुंढा लहान मापावर, म्हणजे साधारण 34 च्या खाक्यावर काढा आणि छातीला लागणारी जास्तीची जागा फक्त पुढच्या भागात द्या. पुढच्या भागाची रुंदी वाढवायची आणि ती वाढ टक्समध्ये घ्यायची. पाठ तशीच राहू द्यायची. एवढी एक गोष्ट ज्या शिवणारीला कळली तिच्याकडे गिऱ्हाईक टिकतं, कारण भरल्या अंगाच्या बायकांना नीट बसणारा ब्लाऊज शिवून देणारं कोणी सापडत नाही, आणि सापडलं की त्या दहा जणींना सांगतात.

माप घेताना बाईच्या अंगात चांगला बसणारा ब्लाऊज असावा. सैल कुर्त्यावरून घेतलेलं माप इंच-दीड इंच खोटं येतं. टेप पाठीमागे खाली घसरलेला नाही ना, ते वाकून बघा. खांदा पाठीमागून, हाडाच्या टोकापासून टोकापर्यंत. दंडघेर बाही जिथे संपणार तिथला, हात कोपरात वाकवून. टक्स पॉइंट खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत, आणि दोन टोकांमधलं अंतरही वेगळं लिहा. हे दुसरं माप बऱ्याच जणी घेतच नाहीत आणि मग टक्स भलतीकडे जातो. कंबर म्हणून जे लिहितो ते खरं तर ब्लाऊज जिथे संपतो तिथलं माप असतं, बेंबीपाशीचं नव्हे.

आपल्याकडे ग्राहक बहुधा मापाचा ब्लाऊज देतात आणि “असाच शिवा” म्हणतात. तो घ्याच, पण त्यावर आंधळा विश्वास नको. हुक लावून सपाट पसरा, काखेच्या थोडं खाली आडवं मोजा, दुप्पट करा. बाजूला जुनी सुटलेली शिलाई दिसते का बघा. दिसली तर बाईंनी तो सैल करून घेतला आहे, म्हणजे अंग वाढलं आहे. मग विचारा: “यात काय आवडत नाही?” हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. “गळा जरा मोठा आहे”, “काखेत काचतो” असं काहीतरी उत्तर येतं, आणि तेच तुम्हाला हवं असतं. शक्य असेल तिथे अंगावरची छाती, वरची छाती आणि दंडघेर ही तीन मापं तरी टेपने घ्याच.

खाका काढून झाला की कात्री लावण्याआधी टेप उभा धरून रेघांवरून फिरवा. पुढच्या आणि मागच्या भागाची बाजूची शिलाई सारख्या लांबीची आहे का (पुढे काखेखाली आडवा टक्स असेल तर तो मिटवून मोजा), दोन्ही खांदे सारखे आहेत का, टक्सचे दोन्ही पाय, म्हणजे घडीच्या दोन रेघा, जुळतात का. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त आत वळलेला हवा. दोन्ही मुंढ्यांच्या वळणांची बेरीज करा आणि बाहीच्या वरच्या वळणाची लांबी मोजा; बाही अर्धा ते पाऊण इंच जास्त हवी. बाही कमी पडली तर ती मुंढ्यात ताणून बसवली जाते आणि हात हलवला की खांद्यावर चुणी येते. इंचाहून जास्त झाली तर साध्या बाहीला नको तिथे झोळ येतात. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, आणि कापून झाल्यावरचे दोन तास वाचतात.

आकडे कसे बसवायचे, त्याचं एक उदाहरण बघू. छाती 36, खालची कंबर 31. हालचालीसाठी छातीला दोन इंच आणि कंबरेला एक इंच लूज धरला तर तयार ब्लाऊज छातीत 38 आणि कंबरेत 32 हवा. फरक सहा इंच. हे सहा इंच कुठेतरी जिरवायचे आहेत. पुढच्या दोन खालच्या टक्समध्ये सव्वा-सव्वा, म्हणजे अडीच. मागच्या दोन टक्समध्ये पाऊण-पाऊण, म्हणजे दीड. उरले दोन इंच, ते बाजूच्या चार कडांना अर्धा-अर्धा इंच. छाती भरलेली असेल तर पुढचे टक्स वाढवा आणि बाजूचं कमी करा. सगळा फरक बाजूच्या शिलाईतच घेतला तर ब्लाऊज कंबरेला बसतो, पण छातीखाली पोकळ राहतो. छातीचा चौथा भाग साडेनऊ, त्यापुढे बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. ही माया ओव्हरलॉक करताना (कडा धाग्याने बंद करताना) कापून टाकू नका. दोन वर्षांनी ब्लाऊज सैल करायला बाई तुमच्याकडेच येतील.

आता तुमच्या धडधडीवरचा खरा उपाय. अस्तराचा ब्लाऊज असेल तर वरचं कापड आधी कापायचंच नाही. आधी फक्त अस्तर कापा, टक्स, खांदे आणि बाजू मोठ्या धावदोऱ्याने जोडा, आणि बाईंना बोलावून अंगावर घालून बघा. जिथे जास्त आहे तिथे टाचण्या, जिथे ओढतंय तिथे खडू. मग धावदोरा काढा, अस्तर सपाट करा, आणि तोच दुरुस्त झालेला खाका वरच्या कापडावर ठेवून कापा. अस्तराचं कापड चुकलं तर थोडक्यात निभावतं. पैठणीचा ब्लाऊजपीस चुकला तर तसाच काठ बाजारात मिळत नाही. सुरुवातीच्या प्रत्येक महागड्या कापडाला हे करा. वेळ अर्धा तास जास्त जातो, रात्रीची झोप मात्र शाबूत राहते.

अस्तर कापण्याआधी पाण्यातून काढायलाच हवं, यात सूट नाही. टू बाय टू असो की पॉपलिन, सुती अस्तर धुतल्यावर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात ब्लाऊजवर फुगवटे येतात. ग्राहक म्हणते “शिलाई वाईट”, आणि शिवणारीला कारण कळतही नाही. कापताना उभा धागा उभाच ठेवा. कापड पुरत नाही म्हणून पाठ आडव्या धाग्यावर कापली की ब्लाऊज वापरात रुंदीला बसेनासा होतो. खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे तिथे आधी सगळे तुकडे मांडून बघा, मगच पहिला काप घ्या. काठ बाहीला घ्यायचा असेल तर बाह्यांची जागा सगळ्यात आधी धरायची, पाठ आणि पुढचे भाग नंतर.

शिवण्याचा क्रम असा ठेवा की दुरुस्ती सोपी पडेल. आधी टक्स, मग हुकाची आणि काजाची पट्टी, खांदे, गळा, मग बाह्या, आणि सगळ्यात शेवटी बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एकाच दमात बाजूची शिलाई. घट्ट-सैल करायचं झालं तर तेवढी एकच शिलाई उसवावी लागते. गळ्याला पट्टी उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेली, साधारण सव्वा इंच रुंद. वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप द्या, पण शिलाईच्या अलीकडे थांबा. प्रत्येक टप्प्यानंतर इस्त्री. घरचा ब्लाऊज आणि दुकानातला ब्लाऊज यांत डोळ्याला जो फरक दिसतो, त्यातला बराचसा इस्त्रीचा असतो.

फिटिंगमध्ये काय बिघडतं ते आता सविस्तर, कारण खरी मेहनत इथेच आहे.

“हात वर केला की सगळा ब्लाऊज वर येतो, काखेत काचतो” ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. नवशिकी लगेच मुंढा आणखी खाली कापते, आणि त्रास वाढतो. मुंढा खाली गेला की बाहीचा खालचा जोड काखेपासून लांब जातो. हात उचलताना बाही बाजूच्या शिलाईला धरून वर ओढते. उपाय उलटा आहे: मुंढा काखेच्या जवळ, वर हवा, आणि बाहीची वरची उंची थोडी कमी, बाही थोडी रुंद. कापून झालेला खोल मुंढा वर आणता येत नाही. तिथे काखेत उरेबात कापलेला चौकोनी तुकडा लावणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून मुंढा कापताना पाव इंच कमीच कापा. वाढवणं कायम हातात असतं. आणि काचतंय ते खरंच मुंढ्यात की दंडात, ते आधी बोट घालून बघा. बऱ्याचदा बाहीच घट्ट असते.

पुढचा भाग वर चढतो, कंबरेची रेघ पुढून उचललेली दिसते: पुढची उंची कमी पडली. छातीच्या उभारावरून कापड जाताना लांबी खर्च होते, म्हणून पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच लांब लागतो, भरल्या अंगाला त्याहूनही जास्त. शिवून झाल्यावर हे सुधारायचं तर खालची पट्टी बदलून रुंद लावणं हाच उपाय.

छातीच्या टोकापासून काखेकडे किंवा बाजूकडे तिरप्या ओढीच्या रेघा दिसतात: छातीला जागा कमी आहे, टक्स वाढवून पुढची रुंदी वाढवायला हवी. रेघा ओढीच्या नसून सैल झोळ असेल, विशेषतः पुढच्या मुंढ्यापाशी, तर मुंढ्याचा टक्स पाव इंच जास्त घ्या. ओढ आणि झोळ यांतला फरक ओळखायचा तर चिमटीत कापड धरून बघा. चिमटीत येतं तो झोळ, येत नाही ती ओढ. झोळाला कापड काढायचं, ओढीला द्यायचं.

टक्सच्या टोकाला चोच येते: टक्स अचानक संपवला आहे. शेवटचा इंच घडीला जवळजवळ समांतर, निमुळता होत जायला हवा. टोकाला उलटी शिलाई मारू नका, धागे लांब सोडून हाताने गाठ मारा. टक्स छातीच्या टोकाच्या पाऊण ते एक इंच अलीकडे थांबवा.

मोठ्या मागच्या गळ्याचा ब्लाऊज खांद्यावरून उतरतो: खोल गळ्याला खांदा अर्धा इंच कमी धरायला हवा होता, आणि गळ्याची रुंदीही जपून. खोली आणि रुंदी दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत. ग्राहकाला हे कापण्याआधी सांगा, आणि नाडी लावायची का ते विचारा. शिवून झाल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

हुकांच्या मधे फट पडते: हुक सव्वा ते दीड इंचावर हवेत, आणि त्यांतला एक नेमका छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेघेवर. आधी तो एक लावा, मग वर-खाली अंतर वाटा. तरीही फट पडत असेल तर ब्लाऊजच घट्ट आहे.

या सगळ्याची एक नोंदवही ठेवा. एका बाईला एक पान: तारीख, मापं, कापडाचा चिकटवलेला तुकडा, आणि खाली “काय दुरुस्त करावं लागलं”. शेवटची ओळ कधीही टाळू नका. तीन-चार महिन्यांनी वही चाळलीत तर तुमचीच एक सवय त्यात दिसेल. कोणाचा खांदा कायम पाव इंच मोठा जातो, कोणाची बाही कायम अपुरी पडते. ती सापडली की निम्म्या दुरुस्त्या बंद होतात.

बाहेरचं काम कसं सुरू करायचं? थेट नवीन ब्लाऊज घेऊ नका. अल्टरपासून सुरू करा. फॉल-पिकोच्या साड्या घेताना “ब्लाऊज घट्ट-सैल करून मिळेल” एवढं सांगा. अल्टरमध्ये कापडाचा धोका कमी, पैसे त्याच दिवशी हातात, आणि दर आठवड्याला वेगवेगळ्या शिंप्यांचं काम आतून बघायला मिळतं: कोणी माया किती सोडली, पट्टी कशी लावली, खांदा किती उतरवला. अशी वीस-पंचवीस अल्टर झाली की नजर तयार होते. मग ओळखीतल्या चार-पाच जणींचे सुती, अस्तर नसलेले ब्लाऊज घ्या, मग सुती अस्तराचे, सिल्क त्यानंतर, पैठणी आणि जरीचे सगळ्यात शेवटी. प्रिन्सेस कट आणि कटोरी तोपर्यंत बाजूला राहू द्या. चार टक्सचा ब्लाऊज नीट बसवता आला की प्रिन्सेस कट म्हणजे तेच टक्स एका लांब जोडात मिटवणं आहे, पंधरा दिवसांत येतो.

किती दिवस लागतील, त्याचं मोजमाप कॅलेंडरवर नको. वेगवेगळ्या अंगाच्या तीन बायकांचे लागोपाठ तीन ब्लाऊज, प्रत्येकी एकाहून जास्त दुरुस्ती न लागता बसले, की बाहेरचं काम घ्यायला हरकत नाही. रोज तास-दीड तास नियमित देणाऱ्या आणि मशीन आधीच येणाऱ्या बाईला साधारण चार ते सहा महिने धरावेत. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा रोजचा तास उजवा, कारण दुसऱ्या दिवशी ब्लाऊज हातात घेतला की कालची चूक ताज्या डोळ्यांना दिसते. कापायचं काम सकाळी, उजेडात. रात्री दमल्यावर कात्री धरू नका, तेव्हा हुक लावा, तुरपाई करा. कापायला जमिनीवर वाकून बसू नका. उभं राहून कंबरेच्या उंचीचं टेबल, निदान डायनिंग टेबलवर जाड पुठ्ठा. नाहीतर हौसेच्या आधी पाठ थकेल.

शिकवणी हवीच असेल तर दोन-तीन ठिकाणं माहीत असू द्या. जन शिक्षण संस्थानचे शिवणकामाचे वर्ग 15 ते 45 वयापर्यंतच्यांसाठी असतात, तुम्ही त्यात बसता. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, शिवणकामाचा अल्प मुदतीचा निवासी वर्ग मोफत असतो, आणि तिथे हिशेब, बँकेचं कर्ज, दर ठरवणं हेही शिकवतात. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली; तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबात एकालाच मिळतो आणि अर्ज कॉमन सर्व्हिस सेंटरवरून होतो. पण कर्ज काढून पॉवर मशीन आणायची घाई नको. दिवसाला एक ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला साधी मशीन पुरते. आधी चांगली कात्री, ओव्हरलॉकची सोय आणि वाफेची इस्त्री घ्या.

दर ठरवताना शेजारच्या दुकानाचा दर विचारून त्याहून वीस-पंचवीस रुपये कमी लावण्याची चाल सगळे करतात, आणि त्यात शिवणारी बुडते. एका अस्तराच्या ब्लाऊजला तुम्हाला घड्याळ लावून किती वेळ लागतो ते तीनदा मोजा; सुरुवातीला कापण्यापासून हुकांपर्यंत चार तास सहज जातात. त्यात अस्तर, धागा, हुक, ओव्हरलॉक आणि इस्त्री यांचा खर्च वेगळा लिहा. अस्तर ग्राहकाने आणायचं की तुम्ही घालायचं ते आधीच ठरवा. तुम्ही आणत असाल तर पाण्यातून काढलेलं घरात तयार ठेवा. दर एकदा ठरला की नातेवाइकांनाही तोच. पहिल्या चार-पाच जणींना शिकण्यापुरती सवलत द्या, पण ती सवलत आहे हे बोलून दाखवा, नाहीतर तोच कायमचा भाव होतो.

गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराई या तीन हंगामांत नव्या शिवणारीचं नाव होतं किंवा जातं. पहिल्या हंगामात जमतील त्याच्या निम्मे ब्लाऊज घ्या. ट्रायलची तारीख कार्यक्रमाच्या किमान तीन दिवस आधीची द्या, आणि ती बाईंच्या समोर वहीत लिहा. ज्या दिवशी घरात पाहुणे असतील किंवा वीज जाणार असेल, त्या दिवशीचा ब्लाऊज हिशेबात धरायचाच नाही. आणि “उद्याच हवाय, तुम्हीच करून द्या” म्हणून कोणी रात्री पैठणीचा पीस घेऊन आलं, तर पहिलं वर्षभर सरळ नाही म्हणा. फॉल-पिको करून द्या, ब्लाऊज नको.